‘वेळच मिळत नाही’ या वाक्याचा इतिहास

होजिअरीच्या दुकानात बनियन मागितलं की दुकानदार विचारतो, “बाह्यांचं की सँडो?” बिनबाह्यांच्या बनियनला सँडो का म्हणतात, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. ते एका माणसाचं नाव आहे. युजेन सँडो. जन्म १८६७, प्रशियातलं कोनिग्सबर्ग. खरं नाव फ्रीड्रिश विल्हेल्म म्युलर. सुरुवातीला तो रंगमंचावर ताकदीचे खेळ करायचा. पुढे एक गोष्ट उघड झाली. त्यानं किती वजन उचललं यापेक्षा त्याचे दंड, पाठ, पोट बघायलाच लोक जास्त पैसे मोजत होते.

१४ सप्टेंबर १९०१ रोजी सँडोनं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांमध्ये एक होता आर्थर कॉनन डॉयल, शेरलॉक होम्सचा लेखक. विजेत्याला सँडोचाच छोटा पुतळा देण्यात आला. आज ‘मिस्टर ऑलिंपिया’ जिंकणाऱ्याच्या हातात जो पुतळा दिसतो, तोही सँडोचाच आहे.

पण सँडोचं खरं गिऱ्हाईक स्टेजवर उभं राहणारा पैलवान नव्हता. ते होतं दिवसभर टेबलाशी बसणारा शहरातला माणूस. त्याच्यासाठी सँडोनं पुस्तकं लिहिली, मासिक काढलं, हलके डंबेल आणि स्प्रिंगची साधनं विकली. सांगणं सोपं होतं: घरातच, रोज थोडा वेळ, मन लावून करा. आज मोबाइलवर ‘रोज फक्त पंधरा मिनिटं’ म्हणणाऱ्या फिटनेस अॅपचा तो खापरपणजोबा.

मला या इतिहासात ओढलं ते एका वाक्यानं. ‘जिम लावायचीय रे, पण वेळच मिळत नाही.’ हे वाक्य ऑफिसच्या कँटीनमध्ये मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते नोकरीच्या अपॉइंटमेंट लेटरसोबतच मिळत असावं. त्यावरचं उत्तरही ठरलेलं: ‘वेळ काढायचा असतो.’ हे उत्तर मला अर्धवट वाटतं. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत वेळेच्या या प्रश्नाला दोन प्रकारच्या माणसांनी उत्तरं दिली. काहींनी व्यायाम आखूड केला, काहींनी कामाचे तास आखूड करून घेतले. पहिल्यांची नावं आपण बनियनवर घालून फिरतो. दुसऱ्यांची फारशी घेत नाही.

पैलवानाचा दिवस

मराठीत शरीर ‘कमावतात’. पैसाही कमावतात आणि चामडंही कमावतात. या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे: वेळ द्यावा लागतो, आणि तोही रोज. तालमीत तर व्यायामाला ‘मेहनत’ म्हणतात. म्हणजे जो शब्द आपण कामासाठी वापरतो, तोच.

तो योग्यही आहे, कारण पैलवानासाठी व्यायाम हेच काम होतं. पहाटे उठून जोर-बैठका, मग तांबड्या मातीत लढती, अंग रगडणं, खुराक, दुपारची झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण हा खुराक शरीराला जेवढा लागतो तेवढीच झोपही लागते, हे वस्तादांना कुठल्याही शास्त्रीय लेखाशिवाय माहीत होतं. पण अशा दिवसाचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. कोल्हापुरात तो राजर्षी शाहू महाराजांनी उचलला. पैलवान पोसले, १९१२ मध्ये खासबागचं मैदान बांधलं. गावोगावी तो घरच्या शेतीनं, भावांच्या कष्टानं आणि जत्रेतल्या इनामांनी उचलला. पैलवानाला ‘वेळ मिळत नाही’ म्हणायची गरजच नव्हती. त्याचा दिवस आधीच कुणीतरी मोकळा करून दिलेला होता.

लोकमान्य टिळकांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून तब्येत कमावली. ही गोष्ट निश्चयाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ते वर्ष विद्यार्थिदशेतलं होतं. नोकरीला लागलेल्या माणसाला असं आख्खं वर्ष बाजूला काढता येत नाही.

आणि त्याच काळात नोकरीला लागणारा माणूस वाढत होता. रेल्वे, पोस्ट, कोर्ट, कलेक्टर कचेरी, शाळा, व्यापारी पेढ्या. बैठं काम आपल्याकडे आधीही होतं. कुलकर्णी, कारकून, मुनीम बसूनच लिहायचे. नवं होतं ते घड्याळ. अमुक वाजता हजर, तमुक वाजता सुटका. दिवसाचा मधला मोठा तुकडा साहेबाचा झाला आणि दोन्ही टोकांना उरलेले तुकडे आपले. शरीर कमवायचं ते या उरलेल्या तुकड्यांत.

औंधच्या राजाचा उपाय

१९०४-०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. त्याच्या आधीच त्याची पुस्तकं इथं पोचली होती. त्यांच्या वाचकांत एक राजपुत्र होता: औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, डेक्कन कॉलेजचे पदवीधर. १८९७ मध्ये त्यांनी सँडोची पुस्तकं आणि साधनं विकत घेतली आणि दहा वर्षं त्याबरहुकूम नेमानं व्यायाम केला, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. म्हणजे ज्यांनी सूर्यनमस्कार घराघरांत नेले, त्यांची सुरुवात डंबेलनं झाली होती.

मग मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार त्यांनी शोधून काढले नाहीत. महाराष्ट्रात ती परंपरा समर्थ रामदासांच्या नावाशी जोडलेली आहे, आणि नमस्कारातला मधला भाग म्हणजे तालमीतला जोरच आहे. भवानरावांनी केलं ते वेगळं काम. त्यांनी नमस्कारांना पद्धत दिली, क्रम लावून दिला, पुस्तकं लिहिली आणि १९०९ मध्ये गादीवर आल्यावर संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले. १९३८ मध्ये लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेनं त्यांचं इंग्रजी पुस्तक काढलं. ते लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी सिद्ध केलं होतं आणि त्याचा रोख मुख्यतः तिथल्या बायकांवर होता.

नमस्कारांचं हे रूप नोकरदाराला का पटलं असेल, हे एखाद्या चाळीतली खोली डोळ्यासमोर आणली की कळतं. साधन नको, जोडीदार नको, आखाडा नको, फी नको. जागा सतरंजीएवढी. पाऊस असला तरी चालतं. कचेरीला निघण्याआधी उरकतं. वाकणं, ताणणं, जोर काढणं, श्वास हे सगळं एका आवर्तनात. पैलवानाच्या दिवसभराच्या मेहनतीतून एक छोटा तुकडा काढून तो बैठ्या माणसाच्या सकाळीत बसवला होता.

भवानरावांनी नमस्कारांच्या नावावर बऱ्याच आजारांचे उपाय मांडले. ते सगळेच आज मान्य करता येणार नाहीत. शिवाय एक अडचण व्यायामाच्या अंगानंही आहे. नमस्कारांत जमिनीला रेटणं आहे, पण काही ओढणं नाही, आणि वजन कायम आपल्या शरीराचंच. काही महिन्यांत शरीर त्याला सरावतं. दम आणि लवचीकपणा वाढत राहतो, स्नायू मात्र एका मर्यादेवर थांबतात. ती मर्यादा का येते, याचं उत्तर पुढे युद्धातल्या एका डॉक्टरनं दिलं. पण त्याआधी मुंबईत जायला हवं, कारण तिथं दुसऱ्या प्रकारचं उत्तर तयार होत होतं.

अर्धा तास मागणारा स्टोअरकीपर

नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. म्हणजे तसं बैठंच काम. ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन पुढे केलं. मागण्या आज वाचताना अंगावर काटा येतो, इतक्या त्या साध्या आहेत. आठवड्याला एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. पगार वेळेवर. रविवारची सुट्टी मिळाली १८९० मध्ये. आज रविवारी सकाळी धावायला, सिंहगडावर किंवा जिममध्ये जाणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवायला हरकत नाही.

गिरणीतलं काम बैठं नव्हतं, हे खरं. पण म्हणून ते शरीर कमावणारं होतं असं नाही. दिवसभर साच्यासमोर उभं राहून, दमट हवेत, कापसाची पूड श्वासात घेत केलेले कष्ट शरीर झिजवतात. स्नायू वाढतो तो कष्टानं नव्हे, तर कष्टानंतरच्या विश्रांतीत आणि अन्नावर. पैलवानाला जी दुपारची झोप मिळायची, ती कामगाराला कुठून मिळणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवे आल्यावर सूर्यास्ताला अर्थ उरला नाही. कामाचा दिवस आणखी लांबला, आणि १९०५ मध्ये कामगार त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले.

पुढचा हिशेब कायद्याच्या पुस्तकात आहे. १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस जास्तीत जास्त १२ तासांचा केला. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास. १९३४ मध्ये ५४. १९४६ मध्ये ४८, आणि दिवसाला ९. यातला प्रत्येक तास संप, सभा, निवेदनं आणि पगार बुडवून मिळवलेला आहे. साठवरून अठ्ठेचाळीस, म्हणजे आठवड्याला बारा तास. आजचा कुठलाही ट्रेनर आठवड्याचे चार-पाच तास मागतो. ते या बारांतले आहेत.

याच वर्षांत महाराष्ट्रात व्यायामाच्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. त्यांच्यामागे स्वातंत्र्याची चळवळ होती, बलोपासनेचा विचार होता. पण रोज संध्याकाळी मैदानावर यायला तरुणाकडे मुळात संध्याकाळ असावी लागते.

तीन सेट, दहा रेप

आता तो युद्धातला डॉक्टर. थॉमस डिलॉर्म, अमेरिकी सैन्यातला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात गुडघ्याच्या आणि हाडांच्या दुखापती झालेले सैनिक खोळंबून होते. उपचाराची रूढ पद्धत होती हलक्या वजनानं पुष्कळ वेळा हालचाल करण्याची. सैनिक बरे व्हायला फार वेळ लागत होता, खाटा रिकाम्या होत नव्हत्या. डिलॉर्म स्वतः हौसेनं वजन उचलणारा. त्यानं उलटं केलं. वजन जड, आवर्तनं कमी. जेमतेम दहा वेळा उचलता येईल असं वजन शोधायचं, आणि ताकद वाढली की वजन वाढवायचं. १९४५ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं.

सुरुवातीला तो दहा-दहा आवर्तनांचे सात ते दहा सेट करून घ्यायचा. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्सबरोबर लिहिताना त्यानं ते तीनवर आणले: पहिला सेट निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. इतकं पुरेसं आहे, असं अनुभवानं दिसलं होतं. आज गल्लीतल्या कुठल्याही जिममध्ये ट्रेनर ‘तीन सेट, दहा रेप’ म्हणतो, तेव्हा तो बहुधा नकळत शिकागोच्या त्या रुग्णालयातलं गणित सांगत असतो.

नमस्कारांची मर्यादा इथं कळते. स्नायू वाढायचा तर त्याच्यावरचा भार हळूहळू वाढला पाहिजे. तालमीतही हे होतंच. जोडी फिरवणारा जास्त जड जोडीकडे जायचा, बैठकांची संख्या चढत जायची. पण तिथं हा भार तासांनी वाढवता येत होता. डिलॉर्मनं तो वजनानं वाढवला, आणि त्यामुळे वेळ वाचला. बैठं काम करणाऱ्याला शरीर कमावणं शक्य झालं ते या हिशेबामुळे.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

स्नायूंचं असं झालं. काळजाचं काय? हा प्रश्न लंडनमधल्या जेरी मॉरिस या डॉक्टरनं सोडवला, आणि त्यासाठी त्यानं निवडली डबलडेकर बस. मुंबईकरांना हे चित्र लगेच कळेल. ड्रायव्हर खाली बसून आहे, कंडक्टर दिवसभर जिना चढतो-उतरतो. दोघांचा वर्ग तोच, मालक तोच, वस्ती साधारण तीच. फरक फक्त बसण्याचा आणि चढण्याचा. सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९५३ मध्ये मॉरिसनं दाखवलं, की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होता, आणि झाला तरी सौम्य असायचा. पोस्टमन आणि पोस्टातले कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला.

मॉरिस प्रामाणिक होता. ड्रायव्हर होणारी माणसं मुळातच जाड असतात का, हे त्यानं गणवेशाच्या पँटच्या कंबरेची मापं काढून तपासलं. ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी होती. पण फक्त जाडीनं सगळा फरक भरून निघत नव्हता.

पुढे तो आपल्याकडे वळला, म्हणजे टेबलाशी बसणाऱ्यांकडे. १९६८ पासून त्यानं ब्रिटनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १७-१८ हजार मध्यमवयीन पुरुषांना सोमवारी सकाळी एक तक्ता भरायला लावला: गेल्या शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केलंत? काम सगळ्यांचं बैठंच. पण फावल्या वेळात दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार निम्म्याहून कमी निघाला. आणखी एक गोष्ट पुढच्या वर्षांत समोर आली. तरुणपणी खेळाडू असलेल्या पण आता काहीच न करणाऱ्यांना जुन्या खेळाचा फायदा मिळत नव्हता. ‘कॉलेजात मी कबड्डी खेळायचो’ या वाक्याची किंमत काळजाच्या खात्यात शून्य आहे. ही कमाई साठवून ठेवता येत नाही, रोजच्या रोज खर्ची पडते. मॉरिस स्वतः म्हातारपणीही पोहत राहिला आणि ९९ व्या वर्षी वारला.

मला मॉरिसच्या अभ्यासात एक शब्द महत्त्वाचा वाटतो: फावला वेळ. ज्यांना शनिवार मोकळा होता, त्यांचं काळीज वाचलं.

सकाळ कुणाची?

आणि इथं एक प्रश्न विचारायलाच हवा. नमस्कार घालणाऱ्या कारकुनाचा डबा सकाळी कोण करत होतं? पुरुषाच्या मोकळ्या अर्ध्या तासाखाली घरातल्या बाईचा अर्धा तास पुरलेला असतो. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा आकडा ९७. भवानरावांनी स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असा आग्रह धरला, तो त्या काळात मोठाच होता. पण नमस्कार घालायला सांगणं आणि त्यासाठी वेळ मोकळा करून देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरी करणारी बाई ‘वेळच मिळत नाही’ म्हणते, तेव्हा ती दोन पाळ्यांचा हिशेब सांगत असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं दुकानं आणि खासगी आस्थापनांतल्या कामाच्या दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास करायला मान्यता दिली. कारखान्यांसाठी ९ वरून १२. मी आकडा पुन्हा पाहिला. बारा हा १९११ चा आकडा आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? बरंच आहे, आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. आधीच्या सूचनांत एका वेळी सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. म्हणजे ऑफिसचे चार मजले जिन्यानं चढलात तर तेही धरलं जातं. हा कंडक्टरचा वाटा. आठवड्यातून दोनदा तीन-तीन सेट, वजन हळूहळू चढतं. हा डिलॉर्मचा. वेळ नसलेल्या सकाळी सतरंजीवर दहा-बारा नमस्कार. हा औंधचा. पुरेशी झोप आणि पोटात प्रथिनं, म्हणजे वस्तादांचा खुराक.

एवढं जमवता आलं तर उत्तम. पण सव्वाशे वर्षं व्यायाम आखूड करत करत आपण जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत येऊन पोचलो आहोत. यापुढे तो आणखी किती कापणार? म्हणून कुणी ‘वेळच मिळत नाही’ म्हटलं की मी हल्ली त्याला आळशी ठरवत नाही. विचारतो, ऑफिसातून किती वाजता सुटतोस? लोखंडेही १८८४ मध्ये तेच विचारत होते.